काट्याशेजारचा बाण

गाडीच्या डॅशबोर्डवर पेट्रोलचा काटा असतो. काट्याशेजारी पेट्रोल पंपाचं बारीक चित्र असतं. आणि त्या चित्राला चिकटून, तांदळाच्या दाण्याएवढा, एक त्रिकोणी बाण असतो. टाकीचं झाकण गाडीच्या ज्या बाजूला, त्या बाजूला त्याचं टोक. एवढाच मजकूर. कर्ता नाही, क्रियापद नाही, लिपीसुद्धा नाही. गेल्या चाळीसेक वर्षांत छापल्या गेलेल्या अत्यंत चांगल्या मजकुरांपैकी हा एक आहे असं मला वाटतं. आणि त्याच्याबद्दल जे बोललं जातं ते इतकं वाईट आहे, की कुणीतरी त्याची नीट समीक्षा करायला हवी.

वाईट म्हणजे रील. तुमच्याही फोनवर येऊन गेलं असेल. धडधडतं संगीत, डोळे मोठे केलेला एक चेहरा, मग ‘तुमच्या गाडीतलं हे सीक्रेट नव्याण्णव टक्के लोकांना माहीत नाही’, मग कॅमेरा डॅशबोर्डवर, बोट बाणावर, आणि शेवटी ‘सेव्ह करून ठेवा’. (नव्याण्णव टक्के हा आकडा कुणी मोजला, हे विचारायचं नसतं. रीलमध्ये नव्याण्णव टक्के म्हणजे ‘तुम्ही’.)

माझी तक्रार ‘सीक्रेट’ या शब्दाबद्दल आहे. कारखान्याने जी खूण गाडीत चालवणाऱ्याच्या नाकासमोर बसवली, अंधारात दिसावी म्हणून जिच्या मागे दिवा लावला, गाडीबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत जिचा अर्थ छापून दिला, ती गुपित कशी? गुपित लपवलेलं असतं. हा बाण दाखवलेला आहे, आपण पाहिला नाही इतकंच. पण ‘पाहिला नाही’ म्हटलं तर जबाबदारी पाहणाऱ्यावर येते. ‘सीक्रेट’ म्हटलं की सांगणारा जादूगार होतो आणि ऐकणारा त्या निवडक एका टक्क्यात जाऊन बसतो. सगळ्यांसाठी लावलेली पाटी अशी काही जणांची चलाखी होऊन जाते. रस्त्यावरच्या नळाला कुणी ‘माझी ट्रिक’ म्हणावं, तसं.

या रीलची भावंडं तर चक्क खोटं बोलतात. एक सांगतं की पंपाच्या चित्रातली नळी ज्या बाजूला, झाकण त्या बाजूला. तसं काही नाही. पंपाचं चित्र हे पंपाचं चित्र आहे. नळी उजवीकडे आणि झाकण डावीकडे अशा कितीतरी गाड्या रस्त्यावर आहेत. दुसरं म्हणतं सायलेन्सरच्या विरुद्ध बाजूला झाकण असतं. काही गाड्यांत असतं, काहींत नसतं, आणि दोन्ही बाजूंना सायलेन्सरची तोंडं असलेल्या गाडीत काय करायचं हे रील सांगत नाही. बाण असेल तर बाण वाचा. जुन्या गाडीत बाण नसेल तर खाली उतरून पाहा. इतकं सोपं सांगितलं तर मात्र व्ह्यूज येत नाहीत.

आता बाणाच्या जन्माची गोष्ट. हीसुद्धा रीलवर फिरते, आणि ती खरी आहे. १९८६ सालचा एप्रिल महिना. जिम मॉयलन हे अमेरिकेत फोर्ड कंपनीत इंजिनिअर होते, गाडीच्या आतल्या प्लास्टिकच्या आणि सजावटीच्या भागांवर काम करणाऱ्या विभागात. एका मीटिंगला कंपनीच्या दुसऱ्या इमारतीत जायचं होतं म्हणून त्यांनी कंपनीची गाडी घेतली. पेट्रोल संपत आलेलं. पंपावर गाडी लावली, तर झाकण नेमकं पलीकडच्या बाजूला. पाऊस पडत होता. ते भिजले. परत आल्यावर त्यांनी वरिष्ठांना एक टिपण लिहिलं: काट्यापाशी एक छोटी खूण करा, म्हणजे झाकण कुठल्या बाजूला आहे ते बसल्या जागी कळेल. काही महिन्यांनी कल्पना मान्य झाल्याचं त्यांना कळवण्यात आलं. १९८९च्या मॉडेलांपासून फोर्डच्या गाड्यांत बाण दिसू लागला, मग इतर कंपन्यांनी तो घेतला, आणि आता तो इतका सगळीकडे आहे की त्याला कुणीतरी एक माणूस कारणीभूत असेल असं मनातही येत नाही. मॉयलन यांचं नाव लोकांना कळलं ते फार उशिरा, बाण जगभर पसरून गेल्यानंतर.

ही गोष्ट सांगणारे सगळे पावसावर थांबतात. पाऊस दिसतो, भिजलेला कोट दिसतो, युरेका होतो. पण गोष्टीतला खरा महत्त्वाचा शब्द ‘पाऊस’ नाही. ‘कंपनीची गाडी’ हा आहे. स्वतःच्या गाडीचं झाकण कुठल्या बाजूला आहे ते माणसाला दोन-तीन खेपांत हाताला कळतं. मॉयलन यांची अडचण झाली कारण गाडी त्यांची नव्हती. अनेक जण वापरतात, आज ही मिळाली, उद्या दुसरी, अशातली ती एक. म्हणजे हा बाण मालकासाठी नाहीच. दुसऱ्याच्या गाडीत बसलेल्या माणसासाठी आहे. डॅशबोर्डवरचे बाकीचे दिवे आणि आकडे गाडीबद्दल बोलतात: वेग किती, इंजिन तापलं का, हवा कमी झाली का. हा एकच ‘तुम्ही इथे नवीन दिसता’ असं ओळखून बोलतो.

हे किती नवं होतं ते कळायला झाकणाचा थोडा इतिहास पाहायला हवा. गाडीला पेट्रोल पाजायचं तोंड कुठे असावं, ते दिसावं की लपावं, यावर मोटारींच्या जगात बराच काळ वेगवेगळ्या रुची होत्या, आणि त्या रुचींतून कंपनी आपल्या गाडीकडे आणि आपल्याकडे कशी बघत होती ते कळतं.

१९५०च्या दशकातली अमेरिकन शेव्हरोले घ्या. १९५६च्या मॉडेलमध्ये झाकण डाव्या मागच्या दिव्याच्या पाठीमागे आहे. दिवा एखाद्या दारासारखा बाजूला करायचा, मग तोंड सापडतं. १९५७च्या बेल एअरमध्ये ते डावीकडच्या मागच्या पंखाच्या कडेला, क्रोमच्या पट्टीमागे आहे. कॅडिलॅकने तर त्याआधीपासून दिव्याखाली लपवलेलं. बाहेरून पाहिलं तर गाडीला खाण्यापिण्याची काही गरज आहे असं वाटूच नये. पाहुण्यांसमोर जेवायला लाजणाऱ्या माणसासारख्या या गाड्या. दिसायला मला त्या फार आवडतात, पण त्यांचा रोख मालकाकडे आहे: तुला माहीत आहे ना, मग झालं. अनोळखी माणूस गाडीभोवती चार चकरा मारेल, तर मारो.

याच्या उलट १९६८ची डॉज चार्जर. तिच्या डाव्या बाजूला मागे, वरच्या अंगाला चकचकीत गोल झाकण, शर्यतीच्या गाडीवर असतं तसं, मुद्दाम दिसेल असं बसवलेलं. ही भुकेची फुशारकी. पण त्या फुशारकीचा एक फायदा असा, की बाजू कुठली ते लांबूनही कळतं. जॅग्वारच्या एक्सजे६ मध्ये तिसरीच गंमत: दोन टाक्या, दोन झाकणं, दोन्ही बाजूंना एकेक. बाजूचा प्रश्न पैसे टाकून मिटवण्याची ही इंग्रजी पद्धत. त्याबदल्यात कुठल्या टाकीतून पेट्रोल जातंय याकडे लक्ष ठेवायचं काम चालवणाऱ्याकडे आलं.

आणि अनेक अमेरिकन गाड्यांत झाकण मधोमध होतं, मागच्या नंबरप्लेटच्या आड. नंबरप्लेट खाली ओढायची आणि नळी घालायची. बाजूच नाही, त्यामुळे चुकायचा प्रश्न नाही. पंपाच्या कुठल्याही अंगाला गाडी लावा. सोयीच्या दृष्टीने याहून चांगलं उत्तर नव्हतं. मग ते गेलं कुठे?

त्याला कारण आहे, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही. टाकी गाडीच्या पार मागे, बंपरजवळ ठेवली तर मागून बसलेली धडक थेट टाकीला बसते. १९७०मध्ये बाजारात आलेल्या फोर्डच्याच पिंटो या छोट्या गाडीचं हे झालं. तिची टाकी मागचा ॲक्सल आणि बंपर यांच्या मध्ये होती. झाकण बाजूला होतं, पण झाकणापासून टाकीपर्यंत जाणारा पाइप मागून धडक बसल्यावर टाकीतून उपटून येऊ शकत होता. पेट्रोल सांडायचं आणि पेट घ्यायचं. माणसं जळून मेली. १९७८मध्ये फोर्डने पिंटो आणि तिची जुळी बहीण मर्क्युरी बॉबकॅट मिळून सुमारे १५ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. दुरुस्ती काय होती? टाकीला प्लास्टिकची ढाल आणि लांब पाइप. त्याआधीच, १९७७च्या मॉडेलांपासून, मागून धडक बसली तरी इंधन ठरावीक मर्यादेपलीकडे सांडता कामा नये असा नियम अमेरिकेत लागू झाला होता. हळूहळू टाकी पुढे सरकली, मागच्या सीटखाली, ॲक्सलच्या अलीकडे. तिथून पाइप जवळच्या बाजूला काढणं सोपं. नंबरप्लेटमागची झाकणं संपली आणि सगळी गाड्यांची जमात डावी किंवा उजवी झाली. आज पंपावर आपल्याला जो ‘कुठली बाजू?’ असा बारीकसा त्रास होतो, तो बराचसा या सुरक्षिततेची किंमत आहे. मला ती किंमत फार कमी वाटते.

फोर्डमधलं एक दुसरं टिपणही प्रसिद्ध आहे, आणि मॉयलन यांच्या टिपणाची कौतुकं गाताना त्याचं नाव कुणी काढत नाही. ते १९७३ सालचं. अमेरिकी नियामक संस्थेला दाखवण्यासाठी केलेलं. त्यात हिशोब होता: गाडी उलटल्यावर इंधन सांडून आग लागू नये म्हणून एका गाडीमागे ११ डॉलर खर्च येईल, मेलेल्या एका माणसाची किंमत सुमारे २ लाख डॉलर धरली तर हा खर्च परवडत नाही. १९७७मध्ये ‘मदर जोन्स’ या मासिकाने ते छापलं आणि गदारोळ झाला. न्यायाने सांगायचं तर ते टिपण एकट्या पिंटोबद्दल नव्हतं आणि मागून बसणाऱ्या धडकेबद्दलही नव्हतं. माणसाच्या जिवाची ती किंमतही नियामक संस्थेच्याच आकड्यावरून घेतलेली होती. तरी वाचताना अंगावर काटा येतोच. एकाच कंपनीच्या कागदपत्रांत, तेरा वर्षांच्या अंतराने, पेट्रोलबद्दलची ही दोन टिपणं. एकात अनोळखी माणूस हा बेरजेतला आकडा आहे. दुसऱ्यात तो पावसात उभा आहे आणि लिहिणाऱ्याला दिसतो आहे, कारण तो स्वतः तिथे उभा राहून आला आहे.

मॉयलन यांचं टिपण मोठं की छोटं, हा वाद मला घालायचा नाही. भिजणं आणि जळणं यांची तुलना होत नाही. पण ‘एका भल्या इंजिनिअरने जग बदललं’ अशी गोड गोष्ट सांगताना दुसरा कागद फायलीत तसाच ठेवून द्यायचा, हे मला पटत नाही.

बरं, मग सगळ्या कंपन्यांनी मिळून एकच बाजू का ठरवली नाही? हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. अमेरिकेत असा कायदा नाही, आपल्याकडेही गाड्या दोन्ही प्रकारच्या धावतात. मारुतीची स्विफ्ट, वॅगनआर, ह्युंदाईची सँट्रो: झाकण डावीकडे. फोक्सवॅगन आणि स्कोडा: उजवीकडे. याचं एक स्पष्टीकरण नेहमी दिलं जातं. जपानमध्ये वाहनं डावीकडून चालतात, म्हणजे डावी बाजू फुटपाथची. वाटेत पेट्रोल संपलं आणि डब्यातून ओतायची वेळ आली तर रहदारीकडे पाठ करून उभं राहावं लागू नये, म्हणून जपानी गाड्यांचं झाकण डावीकडे. जर्मनीत रहदारी उजवीकडून, म्हणून त्यांचं उजवीकडे. ऐकायला छान आहे. पण अमेरिकेतही रहदारी उजवीकडूनच चालते आणि तिथल्या कंपन्यांच्या बऱ्याच गाड्यांचं झाकण डावीकडे, ऐन रहदारीच्या बाजूला असतं. तिथे हे स्पष्टीकरण कोलमडतं.

त्याहून मजा पुण्याजवळ चाकणला पाहायला मिळते. फोक्सवॅगनचा कारखाना तिथे २००९पासून आहे. तिथे तयार झालेल्या पोलोचं स्टिअरिंग आपल्या रस्त्यांप्रमाणे उजवीकडे आलं, पण झाकण जर्मनीतल्यासारखं उजवीकडेच राहिलं. स्टिअरिंग हलवावंच लागतं. पण पत्रा, टाकी आणि पाइपची सगळी मांडणी झाकणापायी उलटी करणं कुणाला परवडत नाही. त्यामुळे जर्मनीतला फुटपाथ चाकणला येऊन रस्त्याच्या मधोमध उभा आहे. आणि युरोपात विकल्या जाणाऱ्या स्विफ्टचं झाकण डावीकडे असल्यामुळे जपानी फुटपाथ तिकडच्या रहदारीत. झाकणाची बाजू ही गाडीची जन्मखूण आहे. ती कुठे चालते ते त्यावरून कळत नाही. तिचा आराखडा कुठे निघाला ते कळतं.

आणि खरं सांगायचं तर एकच बाजू ठरली असती तर पंपावर आपलेच हाल झाले असते. मशीनला दोन अंगं असतात. सगळ्या गाड्या एकाच दिशेने आत येत असतील आणि सगळ्यांची झाकणं डावीकडेच असतील, तर सगळ्यांना मशीन आपल्या डाव्या हाताला हवं. म्हणजे मशीनच्या एका अंगाला रांग आणि दुसरं अंग ओस. उजवीकडे झाकण असलेली गाडी ज्यांच्याकडे आहे त्यांना हे सुख माहीत आहे: समोर मारुती-ह्युंदाईची लांबलचक रांग, आणि पलीकडची लेन मोकळी. म्हणजे हा गोंधळ कामाचा आहे. तो दूर करायचा नव्हता, त्यात वावरता यायला हवं होतं. बाणाने नेमकं तेवढंच केलं. नियम करून सगळ्यांना सारखं करण्याऐवजी, आहे ते वेगळेपण तसंच ठेवून त्याची पाटी लावली. मला हा फार शहाणपणाचा उपाय वाटतो. आणि आपल्याकडे कुठल्याही गोंधळावर ‘एकच नियम करून टाका’ म्हणणाऱ्यांची कमी नसल्यामुळे तो अधिकच आवडतो.

दुचाकीवाल्या वाचकांना हे सगळं श्रीमंतांचं दुखणं वाटत असेल, आणि ते बरोबरच आहे. मोटारसायकलची टाकी दोन गुडघ्यांच्या मध्ये, झाकण डोळ्यांसमोर. ॲक्टिव्हावाल्यांना मात्र वर्षानुवर्षं गाडी लावा, उतरा, किल्लीने सीट उघडा, सीटखालचं दप्तर सांभाळा, असं करावं लागलं. २०२०मध्ये ६जी आली तेव्हा कुठे झाकण बाहेर आलं. त्या उतरण्या-चढण्यावर कुणी टिपण लिहिलं असेल तर त्या माणसाचंही नाव कळायला हवं.

मी ‘दुसऱ्याच्या गाडीत बसलेला माणूस’ म्हणते तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर भाड्याची गाडी घेऊन गोव्याला निघालेले मित्र नसतात. माझा मामा असतो. तो पुण्यात ड्रायव्हर आहे, पण एका मालकाचा नाही. फोन येतो, जातो, ज्यांची असेल त्यांची गाडी चालवतो, रात्री किल्ली परत देतो. सकाळी होंडा, संध्याकाळी स्कोडा. एखादी जुनी गाडी, एखादी अशी की जिचं हँडब्रेक म्हणजे एक बटण. मी त्याला विचारलं, नव्या गाडीत बसल्यावर आधी काय बघतोस? म्हणाला, “आरसे. मग रिव्हर्स कुठाय ते. मग काटा.” आणि बाण? “काटा बघितला की बाण बघितलाच की.” त्याला कुणी रील दाखवलेलं नव्हतं. मी दाखवल्यावर त्याने ते अर्ध्यातच थांबवलं.

“विचारलं तर सांगत नाहीत का मालक?” मी म्हटलं.

“सांगतात की. पण ते मागं फोनवर असतात. बरं, विचारलं तर वाटतं, याला गाडी नीट येत नाही की काय. एकदा एक बाई म्हणाल्या, तुम्हाला एवढंही माहीत नाही? आता त्यांची गाडी, मला कसं माहीत असणार. पण पुढच्या वेळी त्यांनी दुसरा ड्रायव्हर बोलावला.”

बाणाची खरी किंमत मला इथे दिसते. त्याने मामाला भिजण्यापासून वाचवलं नाही. आपल्या पंपांवर डोक्यावर छप्पर असतं. त्याने त्याला विचारण्यापासून वाचवलं. ज्याची नोकरी रोज नव्या माणसाच्या मर्जीवर चालते त्याच्यासाठी न विचारता कळणं ही साधी गोष्ट नसते. गाडीच्या मालकाने हा बाण दहा वर्षांत पाहिला नाही तर त्याचं काही बिघडत नाही. म्हणून मालकांच्या दुनियेत तो ‘सीक्रेट’ ठरतो. ज्यांना त्याची गरज असते त्यांनी तो पहिल्या दिवशीच वाचलेला असतो, आणि त्यांना त्याचं रील करावंसं वाटत नाही.

आता एवढं कौतुक केल्यावर बाणाचं उणं सांगायला हवं, कारण ते आहे, आणि ते मोठं आहे.

मॉयलन ज्या जगात भिजले तिथे गाडी चालवणारा आणि पेट्रोल भरणारा एकच माणूस असतो. पंपावर उतरायचं, स्वतः नळी घ्यायची, स्वतः भरायचं. बाण याच माणसाला उद्देशून लिहिलेला आहे. न्यू जर्सी राज्यात मात्र १९४९पासून ग्राहकाने स्वतः पेट्रोल भरायला मनाई आहे. तिथे भरायला माणूस असतो. आपल्याकडे तर सगळीकडेच असतो. म्हणजे आपल्या पंपावर या मजकुराचे वाचक दोन आहेत, आणि बाण फक्त एकाकडे तोंड करून बसला आहे. गाडीच्या आत. काचेच्या मागे. चालवणाऱ्यापुरता.

ज्याला प्रत्यक्ष काम करायचं आहे तो बाहेर उभा आहे. गाडी समोरून येते. समोरून बघणाऱ्याला झाकण दिसत नाही. ते मागच्या बाजूला, पत्र्याच्याच रंगात, पत्र्यातच बसवलेलं. बॉनेटवर खूण नाही, बंपरवर नाही, काचेवर नाही. वर त्याची डावी ती आपली उजवी. १९६८ची चार्जर आली असती तर निदान ती जवळून जाताना चमकतं झाकण दिसलं असतं. आजच्या गुळगुळीत गाड्यांनी तेवढंही ठेवलं नाही. आणि चुकीच्या अंगाला गाडी लागली की काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय: साहेब गाडी मागे घ्यायला तयार नसतात, मागे रांग हॉर्न वाजवत असते, पंपावरचा पोरगा नळी डिकीवरून ओढून पलीकडे नेतो, आणि आतून आवाज येतो, “ए, रंग जाईल, बघून!” बाजू चुकवली गाडीवाल्याने, बाण होता गाडीवाल्यासमोर, आणि बघायचं कुणी? पोराने.

गॅसवर चालणाऱ्या गाड्यांनी हे आणखी अवघड केलंय. सीएनजीचं किट बाहेरून बसवून घेतलेलं असेल तर गॅस भरायचं तोंड अनेकदा बॉनेटखाली असतं. पेट्रोलचं झाकण डावीकडे, बाण डावीकडे, आणि गॅस पुढून. तिथे सगळ्या प्रवाशांना खाली उतरवतात, बॉनेट उघडतात, आणि बाण आपला जुन्या तोंडाकडे बोट दाखवत बसलेला. विजेच्या गाड्यांचं तोंड तर नाकापासून शेपटीपर्यंत कुठेही: निसान लीफचं पुढे नाकावर, टेस्लाचं मागे डावीकडे. चार्जरची तार आखूड असेल तर गाडी आडवी-तिडवी लावून दोन जागा अडवायच्या. मॉयलन यांच्या टिपणाची सगळी कारणं पुन्हा जन्माला आलेली आहेत.

मग पंपावरचा माणूस काय करतो? तो पाठ करतो. मी हे पाहण्यासाठी एका पंपावर अर्धा तास उभी राहिले. पावती हवी म्हणून, हवा भरायची म्हणून, अशी कारणं काढत. दोन मशीनच्या मध्ये उभा असलेला विशीतला एक मुलगा आत वळणाऱ्या प्रत्येक गाडीला हाताने लेन दाखवत होता. गाडी अजून वळत असायची, तेव्हाच त्याचा हात वर जायचा. तो दिवे पाहायचा, जाळी पाहायची, कंपनीची खूण पाहायचा. स्विफ्ट: हात इकडे. क्रेटा: इकडे. पोलो: तिकडे. एक पांढरी, त्याने कधी न पाहिलेली लांबलचक परदेशी गाडी आली तेव्हा त्याने हात वर केला नाही. तो पुढे गेला, काच खाली व्हायची वाट पाहिली आणि विचारलं, “टाकी कुठल्या साइडला?”

मागे बसलेल्या माणसाने फोनवरून मान वर करून म्हटलं, “लेफ्टला असेल.”

ड्रायव्हरने काट्याकडे एकदा पाहिलं आणि काही न बोलता गाडी उजवीकडच्या लेनला वळवली.